तेवीसच्या खाली न येणारी चोर: अफाट स्किल बोनस टेबलावर कसा सांभाळायचा

आमचं टेबल रविवारी दुपारी बसतं: फासे टाकून, एकेक पात्र घेऊन गोष्ट खेळायचा खेळ, आणि मी त्यातला गेम मास्टर, म्हणजे जग रचणारा आणि निकाल देणारा. टेबलावर जुनी सोलापुरी चादर अंथरलेली असते, म्हणजे फासा घरंगळून खाली जात नाही आणि आतल्या खोलीत झोपलेल्यांना खडखडाट ऐकू येत नाही. गेल्या उन्हाळ्यात त्या चादरीवर वीस बाजूंचा फासा पडला आणि दोन आला. चोर खेळणारी मुलगी शांतपणे म्हणाली, "दोन म्हणजे दहा, वर तेरा. तेवीस." कुलूप उघडलं. थोड्या वेळानं चार आला, पुन्हा तेवीस. मग एक आला, तरीही तेवीस. मी तीन आठवडे खपून नकाशा काढलेला किल्ला तिनं दीड तासात पालथा घातला.

घरी जाऊन मी पुढच्या रविवारची सगळी कुलपं, सगळे पहारेकरी, सगळ्या भिंती डीसी ३० च्या करून टाकल्या; डीसी म्हणजे फाशावरचा आकडा आणि पात्राचा बोनस यांच्या बेरजेनं गाठायचा आकडा. पुढच्या खेळात तासाभरातच ती म्हणाली, "दादा, पिठाच्या कोठीलाबी तीसचं कुलूप हाय का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे आमचा योद्धा खेळणारा मित्र, जो कधीमधी हौसेनं भिंत चढून बघायचा, त्यानं दोनदा फासा टाकला, दोन्ही वेळा चांगला आकडा येऊनही काही झालं नाही, आणि मग उरलेली संध्याकाळ तो शेंगा सोलत बसला. मला ज्या आकड्याचा त्रास होत होता तो चोराचा होता, पण शिक्षा झाली योद्ध्याला.

तेव्हापासून मी जे शिकत गेलो ते इथं क्रमानं लिहितोय. उदाहरणं बहुतेक डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या पाचव्या आवृत्तीची आहेत, कारण आपल्याकडे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात.

१. आकडा कुठून आला ते आधी कागदावर मांडा

"बोनस फार झालाय" असं वाटलं की पहिलं काम बेरीज तपासायचं. कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राचे सगळे आकडे लिहिलेला कागद, मागून घ्या आणि खेळाडूच्या शेजारी बसून सुटे सुटे आकडे लिहा. पाचव्या आवृत्तीत हिशोब साधा आहे. पात्राचा एखादा गुण (ताकद, चपळाई असा) नेहमीच्या वाटेनं २० पर्यंतच जातो, म्हणजे त्याचा बोनस जास्तीत जास्त +५. प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे शिकलेल्या कौशल्याची भर, पहिल्या लेव्हलला +२ असतो आणि वाढत वाढत सतराव्या लेव्हलला +६ होतो. एक्सपर्टीज, म्हणजे त्या कौशल्यात खास प्रावीण्य, असेल तर प्रोफिशियन्सी दुप्पट. म्हणजे अकराव्या लेव्हलची चोर: ५ अधिक ४ दुणे ८, एकूण +१३. सतराव्या लेव्हलला हीच बेरीज +१७ होते. जादूची वस्तू किंवा मंत्र नसताना शीटवर याहून मोठा आकडा दिसला तर चूक शोधा. बहुतेकदा प्रोफिशियन्सी आधी एकदा मिळवून वर पुन्हा दुप्पट केलेली असते, किंवा एकाच कौशल्याला दोन ठिकाणांहून एक्सपर्टीज घेऊन चौपट केलेली असते. नियमात प्रोफिशियन्सी एका रोलमध्ये एकदाच मिळते आणि दुप्पटही एकदाच होते.

यानंतर रिलायबल टॅलेंट ही चोराची खास क्षमता बघा. पाचव्या आवृत्तीच्या मूळ, २०१४ च्या नियमांत ते चोराला अकराव्या लेव्हलला मिळतं, २०२४ च्या सुधारित नियमांत सातव्यालाच. ज्या कौशल्यात प्रोफिशियन्सी आहे, त्यात फाशावर नऊ किंवा कमी आला तर तो दहा धरता येतो. आमची मुलगी दोनला दहा म्हणत होती ती याच जोरावर, आणि ती अगदी बरोबर होती.

आता प्रत्येक खेळाडूच्या दोन-तीन भारी कौशल्यांसमोर तीन आकडे लिहा: किमान, सरासरी, आणि कुठल्या डीसीला हार शक्य आहे. वीस बाजूंच्या साध्या फाशाची सरासरी १०.५ असते. रिलायबल टॅलेंटमुळे ती १२.७५ होते. म्हणजे आमच्या चोराचं किमान २३, सरासरी पंचवीसच्या जरा वर. डीसी २० ला ती कधीच हरत नाही. डीसी २५ ला तिला फाशावर बारा लागतो, शक्यता ४५ टक्के. डीसी ३० ला सतरा लागतो, २० टक्के.

त्याच कागदावर योद्ध्याचीही ओळ लिहा. ही पायरी मी आधी गाळली होती. चिलखत घातलेला, चपळाईचा बोनस शून्य, आणि जड चिलखतामुळे लपताना दोन फासे टाकून कमी तो धरायचा. डीसी १५ ला त्याची शक्यता ९ टक्के. डीसी २० ला चारशे वेळांत एकदा. डीसी ३० ला कधीच नाही. या दोन ओळी एकाखाली एक लिहून बघितल्या की सगळीकडे तीस लिहिल्यावर माझ्या टेबलाचं काय झालं ते वेगळं सांगावं लागत नाही.

अजून एक. फाशावर नैसर्गिक वीस आला की काहीही जमतं, हा समज हल्ल्याच्या रोलवरून आलाय. २०१४ च्या नियमांत कौशल्याच्या रोलला वीस म्हणजे फक्त वीस आणि एक म्हणजे फक्त एक. +१७ असलेल्या माणसाला "एक आला, पडलास" असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. पट्टीचा विणकर वीस पट्ट्यांमागे एकदा माग मोडत नाही.

२. जिथं हार नाही तिथं फासा नको

किमान २३ आणि कुलूप १५ चं, तर फासा टाकायला सांगू नका. "तू कुलपाला हात लावलास आणि ते उघडलं" एवढं म्हणा आणि पुढे चला. फासा उचलायला लावायचा, बेरीज करायला लावायची आणि निकाल आधीच ठरलेला, यात टेबलाचा वेळ जातो आणि खेळाडूच्या पराक्रमालाही काही वजन उरत नाही. रोल न मागता दिलेलं यश जास्त भारदस्त वाटतं. तिची चोर सराईत आहे, हे सगळ्यांना न बोलता कळतं.

३. डीसी जगाचा असतो, खेळाडूचा नसतो

नियमांतली पट्टी ५ पासून ३० पर्यंत आहे: १० सोपं, १५ मध्यम, २० अवघड, २५ फार अवघड, ३० जवळपास अशक्य. ही पट्टी सगळ्या जगासाठी आहे. पिठाच्या कोठीचं कुलूप १० चं, सावकाराच्या तिजोरीचं २०, राजाच्या खजिन्याचं २५. चोर पाचव्या लेव्हलची असो की पंधराव्या, पिठाचं कुलूप तेच राहणार. खेळाडूनं महिनोन्‌महिने खेळून बोनस कमावला आणि तुम्ही मुकाट्यानं डीसी तेवढाच वर सरकवला, तर त्याची कमाई तुम्ही परत घेतली. असं दोन-तीनदा झालं की खेळाडूंना ते बरोब्बर कळतं.

मग ३० कधी? जेव्हा ती गोष्ट खरोखर तशी असते आणि खेळाडूंना ते आधीपासून माहीत असतं. गावात तीन ठिकाणी ऐकू येऊ द्या की अमुक तिजोरी बनवणाऱ्या कारागिरानंच ती नंतर उघडायचा प्रयत्न केला आणि हात टेकले. मग ३० चं कुलूप समोर आलं की ते आव्हान वाटतं, आणि २० टक्के शक्यता टेबलावरच्या सगळ्यांना उठून उभं करते.

४. प्रश्न बदला

सगळ्यात जास्त वेळ मी यावर घालवला, आणि उत्तर मला आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत सापडलं. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. एवढा उंच ध्वज एकटा माणूस तोलून चालतो. बघणाऱ्यांपैकी कुणाच्याही मनात "याला उचलवेल का?" हा प्रश्न नसतो. यात्रेआधी सराव केलेला असतो, खांदे तयार असतात, उचलणार हे ठरलेलंच असतं. तरीही श्वास रोखून बघतात. वळणावर तोल कसा जातो, वाऱ्याची झुळूक आली तर काय, आणि एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना तो क्षण कसा पार पडतो, याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात.

अफाट बोनसवाल्या कॅरेक्टरसाठी तसंच करायचं. "जमेल का" हा प्रश्न सोडून द्या. जमणारच. मग कशाकडे बघायचं ते ठरवा.

एक प्रसंग उलगडून दाखवतो. आमच्या खेळातला किल्ला मी आपल्या भुईकोट किल्ल्यावरून घेतला होता: दुहेरी तट, भोवती खंदक, एका अंगाला तलाव. आतल्या तटात खजिन्याचं दार, डीसी २०. चोराला यात हार नाही. पूर्वी मी हे दार ३० चं केलं असतं. या वेळी दार २० चंच ठेवलं आणि त्याच्या आजूबाजूला चार गोष्टी मांडल्या.

पहिली, वेळ. कुलूप उघडायला एक मिनिट लागणार, आणि पहारा दर मिनिटाला वळतो. एका फेरीत काम झालं नाही तर अर्धवट उघडं कुलूप सोडून लपावं लागणार. दुसरी, खूण. नुसतं उघडायचं असेल तर २०, पण उद्या सकाळी कुणाला कळू नये असं उघडायचं असेल तर २५. इथं तिची शक्यता ४५ टक्के झाली, आणि हा वाढीव आकडा तिनं स्वतः निवडला, मी लादला नाही. तिसरी, निवड. दार उघडल्यावर आत दोन पेट्या, आणि तलावाकडून परतायच्या होडीत जागा एकीचीच. एकीत सोनं, दुसरीत गावातल्या कोष्ट्यांच्या कर्जाची कागदपत्रं. याला कुठलाच बोनस लागू होत नाही.

चौथी माझ्या मते सगळ्यात कामाची: माणूस एक आणि हात दोन. चोर दाराशी असताना त्याच क्षणी तटावर कुणीतरी दोर धरायचा, होडीत कुणीतरी नावाड्याला बोलण्यात गुंतवायचं, आणि फाटकाशी कुणीतरी उघडपणे भांडण उकरून पहारा तिकडे ओढायचा. चोराचं +१३ एका वेळी एकाच जागी असतं. योद्ध्यानं फाटकाशी जे भांडण काढलं ते आमच्या टेबलावर आजही निघतं. त्याला त्यासाठी चपळाई लागली नाही, त्याच्याकडे होतं तेच लागलं.

प्रसंग रचताना या चारांपैकी दोन पुरेत. चारही प्रत्येक वेळी टाकलीत तर खेळाडूंना साध्या दाराचीही धास्ती वाटायला लागते आणि खेळ रखडतो.

५. बोलून काम काढणारे

कुलपापेक्षा बोलण्याचा बोनस गेम मास्टरला जास्त छळतो. याचा इतिहास जुना आहे. तिसऱ्या आवृत्तीच्या ३.५ रूपात, जे २००३ मध्ये आलं, डिप्लोमसीला, म्हणजे बोलून मन वळवायच्या कौशल्याला, पक्कं कोष्टक होतं: शत्रूला मित्र करायला ३५, शत्रूला जिवाभावाचा मदतनीस करायला ५०. आता सातव्या लेव्हलच्या शाहिराचा हिशोब करा. रँक (त्या कौशल्यात घातलेले गुण) १०, करिश्मा +४, तीन पूरक कौशल्यांचे दोन दोन म्हणजे +६, अर्ध-एल्फ म्हणून +२, आणि डोक्यावर मन वळवायचं कडं +३. एकूण +२५. फाशावर दहा आला की मिनिटभरापूर्वी जिवावर उठलेला शत्रू मित्र. शक्यता ५५ टक्के. त्या काळात कित्येक टेबलांवर लढायाच बंद पडल्या त्या यामुळे.

पाचव्या आवृत्तीत असं सक्तीचं कोष्टक नाही, पण खेळाडूंच्या मनात ते अजून आहे. "अठ्ठावीस आला, तर राजा मला सिंहासन देतो ना?" नाही देत. कारण कौशल्यानं माणसाचं मन वळतं, त्याचा स्वार्थ आणि त्याची भीती तिथंच राहते. आपल्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव बघा. शेतकरी कितीही गोड बोलला तरी व्यापारी गाडीभर कांद्याला दुप्पट भाव देणार नाही. पण तोच व्यापारी खूश झाला तर पैसे आज रोख देईल, वजन डोळ्यांसमोर करील, पुढच्या खेपेला फोन करून भाव सांगेल. यातलं प्रत्येक खरं यश आहे.

म्हणून कुठलाही महत्त्वाचा माणूस टेबलावर आणायच्या आधी वहीत तीन ओळी लिहा. याला काय हवंय. हा कशाला भितो. आणि जास्तीत जास्त हा काय देईल. तिसरी ओळ म्हणजे छत. पर्सुएशनचा, म्हणजे मन वळवायचा, रोल ४० आला तरी छताच्या वर काही मिळत नाही, पण छतापर्यंतचं सगळं हात आखडता न घेता द्या. आणि रोलच्या आधीच स्पष्ट सांगा: "किल्लेदार दरवाजा उघडणार नाही, त्याची बायकोपोरं सरदाराच्या ताब्यात आहेत. पण तो तुम्हाला बघितलंच नाही असं करू शकतो." रोल झाल्यावर हेच सांगितलंत तर खेळाडूला ती पळवाट वाटते. आधी सांगितलंत तर तो लगेच विचारतो, "मग त्याची बायकोपोरं कुठं ठेवलीत?" आणि पुढच्या रविवारचा खेळ तयार.

६. ज्याला सगळं दिसतं

पॅसिव्ह परसेप्शन, म्हणजे फासा न टाकता आपोआप काय दिसतं त्याचा आकडा: १० अधिक परसेप्शनचा (नजरेचा) बोनस. नवव्या लेव्हलच्या पारध्याला, समज +३ आणि परसेप्शनमध्ये एक्सपर्टीज धरून +८, म्हणजे २१. २०१४ च्या नियमांतलं ऑब्झर्व्हंट फीट (जादा घेता येणारी क्षमता) घेतलं असेल तर आणखी ५, म्हणजे २६. अशा माणसासमोर लपवलेला सापळा हा सापळा राहत नाही. तो राहावा म्हणून धडपडू नका. त्याला दिसू द्या, भरभरून. फक्त दिसणं आणि समजणं वेगळं ठेवा: "तिसऱ्या पायरीच्या कडेला तेलाचा ताजा डाग आहे, आणि दगडाच्या फटीत करड्या रंगाचा दोरा अडकलाय." दिसलं त्याला. तेल कशाचं हे किमयागार सांगेल, दोरा कुणाच्या कपड्याचा हे गावात फिरलेली शाहीर ओळखेल. एकाच्या डोळ्यांनी सगळ्यांना काम मिळतं.

७. सगळी टोळी एकदम लपते तेव्हा

पास विदाउट ट्रेस हा दुसऱ्या पातळीचा मंत्र ३० फुटांच्या आतल्या सगळ्यांना स्टेल्थवर, म्हणजे लपण्यावर, +१० देतो. आमच्या चोराचं किमान ३३ होतं ते इथं. पण जरा योद्ध्याकडे बघा: शून्याचा +१०, चिलखताचा तोटा धरूनही डीसी १५ ला त्याची शक्यता ९ वरून ६४ टक्क्यांवर गेली. शिवाय गटाच्या रोलमध्ये निम्मे जण यशस्वी झाले की गट यशस्वी. म्हणजे चोराला ३३ आला तरी ते एकच यश, आणि चौघांत अजून एक तरी लागतं. हा मंत्र खेळ बिघडवतो असं मी बऱ्याचदा ऐकतो. मला तो उलट टेबलावरच्या अवघडलेल्या खेळाडूचा मित्र वाटतो. तो तासभरच टिकतो, त्यावर एकाग्रता लागते आणि ३० फुटांच्या बाहेर गेलं की संपला. वर चौथ्या पायरीत सांगितल्यासारखं टोळीला वेगवेगळ्या जागी जायला भाग पाडलंत की मंत्र कुणासोबत ठेवायचा हा निर्णयच खेळ होतो.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाची दुसरी आवृत्ती, २०१९ ची, खेळत असाल तर तिथं हा सगळा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवलाय. लेव्हलच बोनसमध्ये मिळवलेली असते, म्हणून दहाव्या लेव्हलला मोठे आकडे दिसणं साहजिक आहे, आणि डीसीपेक्षा १० ने पुढे गेलात तर ते विशेष यश धरतात. ही कल्पना उचलून पाचव्या आवृत्तीत आणली तरी चालते: १० ने पुढे गेल्यावर वेळ निम्मा, किंवा मागे एकही खूण नाही. जास्तीचा आकडा वाया जात नाही, याचं खेळाडूला समाधान असतं.

८. खेळाडूशी बोला, आणि लवकर बोला

ही पायरी शेवटी लिहिली तरी करायची सगळ्यात आधी. डीसी ३० च्या त्या रविवारनंतर आठवडाभरानं मी तिला फोन केला आणि काय केलं होतं ते सरळ सांगितलं. मग विचारलं, की हा बोनस तू कशासाठी वाढवलास? मला वाटलं होतं तिला जिंकायचंय. ती म्हणाली, "मला कुलपात अडकून बसायचं नव्हतं, दादा. मला आत काय आहे ते बघायचं होतं."

खेळाडू ज्या कौशल्यात सगळे गुण ओततो, ते कौशल्य बहुतेकदा त्याला कंटाळा न येता पुढे सरकायचं साधन असतं. कुणाला मात्र त्यातच मिरवायचं असतं, आणि त्यात काही वाईट नाही. त्याच्यासाठी तीन-चार खेळांतून एकदा तरी असा प्रसंग ठेवा की सगळं गाव त्याचं कसब बघायला जमेल. पण कोण कुठल्या जातीचा खेळाडू आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही.

योद्धा खेळणाऱ्या मित्रालाही मी विचारलं. त्याला एवढंच हवं होतं की त्यानं भिंत चढायची म्हटली तर ती कधीतरी चढता यावी. पुढच्या किल्ल्यात मी पिठाच्या कोठीची मागची भिंत १० ची ठेवली. त्यानं फासा टाकला, बारा आला, आणि तो वर गेला. खाली उभ्या असलेल्या चोराला हात देऊन त्यानंच वर ओढून घेतलं.